मॉडेल टी आणि मस्टँग: एकसारखेपणा गेला कुठे?

गाडी चालवता येते असं छातीठोकपणे सांगणाऱ्या कोणालाही १९१५ सालच्या फोर्ड मॉडेल टीच्या सीटवर बसवावं. पायाशी तीन पेडल दिसतात, त्यामुळे पहिलं मिनिटभर माणूस निर्धास्त असतो. मग कळतं की मधलं पेडल ब्रेकचं नाही, रिव्हर्सचं आहे. ब्रेक उजवीकडे आहे. अ‍ॅक्सिलरेटर पायाशी नाहीच. स्टिअरिंगच्या चाकाखाली उजव्या हाताला एक बारकी दांडी आहे, ती खाली ओढली की इंजिनाचा वेग वाढतो. राहिलं डावं पेडल. ते पूर्ण दाबलं की गाडी खालच्या गिअरमध्ये चालते, अर्ध्यावर धरलं की न्यूट्रल, आणि पाय काढून घेतला की वरचा गिअर. गिअर दोनच. आता आपल्या सवयीने, समोर म्हैस आली म्हणून क्लच समजून डावा पाय दाबला, तर गाडी थांबायचं सोडून नेटाने पुढे निघते.

त्याच माणसाला त्याच फोर्ड कंपनीच्या १९६५ सालच्या मस्टँगमध्ये बसवा. किल्ली फिरवायची, क्लच दाबायचा, गिअर टाकायचा, निघायचं. स्टिअरिंग डावीकडे आहे ही एक अडचण. शिवाय सहा सिलिंडरच्या साध्या मस्टँगमध्ये गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकला तर गिअरबॉक्स करकरतो. एवढं सांभाळलं तर बाकी काही शिकावं लागत नाही.

दोन्ही गाड्या अमेरिकेतल्या, दोन्ही डेट्रॉईट परिसरात जन्मलेल्या, दोन्ही फोर्डच्या, आणि दोन्ही श्रीमंतांसाठी नव्हे तर पगारदार माणसासाठी काढलेल्या. मॉडेल टी ऑक्टोबर १९०८ मध्ये आली, मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये. त्यांची तुलना करताना लोक वेग आणि ताकद मोजत बसतात. ते गमतीचं आहे, आपणही थोडं मोजू. पण मला त्याहून मोठा वाटणारा प्रश्न असा, की सामान्य माणसाला परवडेल इतकी किंमत या दोघींनी आणली कुठून? पहिलीने सगळ्यांना एकच गाडी दिली. दुसरीनेही जवळजवळ तेच केलं, फक्त ते कोणाच्या लक्षात येऊ दिलं नाही.

आधी त्या विचित्र पेडलांचा उलगडा करू. मॉडेल टीच्या गिअरबॉक्समध्ये सगळे दाते कायम एकमेकांत गुंतलेलेच असतात. मधल्या चाकाभोवती छोटी चाकं फिरतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशी. या चाकांना जोडलेले तीन ड्रम असतात आणि प्रत्येक ड्रमभोवती एक पट्टा. पेडल दाबायचं म्हणजे एका ड्रमभोवतीचा पट्टा आवळायचा. तो ड्रम थांबला की बाकीच्या चाकांचं फिरणं बदलतं आणि गाडी खालच्या गिअरमध्ये जाते किंवा उलटी चालू लागते. आवळलेला तिसरा पट्टा हाच ब्रेक. त्या काळातल्या इतर गाड्यांत गिअरचे दाते चालत्या गाडीत सरकवून एकमेकांत बसवावे लागत. दोन्ही चाकांचा वेग जुळला नाही तर दाते झडत. ते कसब शिकायला वेळ लागे. घोडागाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला पट्टे आवळणं एका दुपारी जमे. म्हणजे आपल्याला अवघड वाटणारी ही गाडी तिच्या काळात सगळ्यात सोपी होती.

सोपी होती ती एकदा सुरू झाल्यावर. सुरू करण्यासाठी पुढे जाऊन हँडल मारावं लागे. गावाकडे जुन्या ट्रकला हँडल मारताना ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. मॉडेल टीला बॅटरीची गरज नव्हती. इंजिनाच्या फ्लायव्हीलवरच १६ लोहचुंबक बसवलेले असत, ते तारेच्या वेटोळ्यांसमोरून फिरले की वीज तयार होई आणि प्लगला ठिणगी मिळे. या व्यवस्थेला मॅग्नेटो म्हणतात. ठिणगी कधी पडावी हे मात्र चालकानेच ठरवायचं, स्टिअरिंगच्या डाव्या बाजूच्या दांडीने. इंजिन जोरात फिरत असताना पिस्टन वर पोचण्याच्या जरा आधी ठिणगी पडलेली चांगली, कारण पेट्रोल जळायलाही क्षणभर वेळ लागतो. हँडल मारताना इंजिन अगदी हळू फिरतं. तेव्हा ठिणगी आधीच पडली तर पिस्टन वर जाण्याऐवजी उलटा ढकलला जातो, आणि त्याबरोबर हँडलही. दांडी वर करायला विसरलेल्यांची मनगटं अशीच मोडली. विजेवरचा स्टार्टर मॉडेल टीला मिळाला तो थेट १९१९ मध्ये.

थंडीत आणखी एक गंमत होई. इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच तेलात बुडालेले. तेल गारठून घट्ट झालं की न्यूट्रलमध्येही क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटून राहत, आणि हँडल मारून इंजिन सुरू झाल्या झाल्या गाडी पुढे उभ्या असलेल्या मालकाच्या अंगावर येई. शहाणी माणसं मागचं एक चाक जॅकवर उचलून मगच हँडल मारत.

पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. पंप नाही. गच्चीवरच्या टाकीतून नळाला पाणी यावं तसं पेट्रोल आपल्या वजनाने इंजिनाकडे वाहत जाई. सपाट रस्त्यावर ठीक. पण चढावर गाडीचं नाक वर झालं आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की इंजिन टाकीपेक्षा उंच जाई, आणि पुरवठा बंद. उपाय काय? गाडी वळवायची आणि रिव्हर्समध्ये चढ चढायचा. रिव्हर्सचा गिअर पुढच्या दोन्ही गिअरांपेक्षा जास्त जोराचा होता, त्यामुळे चढही सोपा जाई. टाकीत किती पेट्रोल उरलंय ते सीट उचलून, काठी बुडवून बघायचं. याला आपण गैरसोय म्हणू. पण नसलेला पंप बिघडत नाही आणि त्याचे पैसेही पडत नाहीत. हेन्री फोर्डच्या सगळ्या हिशेबाचा पाया हाच होता.

हिशेब आकड्यांत बघू. १९०८ साली मॉडेल टीची सुरुवातीची किंमत ८२५ डॉलर होती. १९२५ मध्ये दोन माणसांची उघडी मॉडेल टी २६० डॉलरला मिळत होती. या काळात महागाई वाढली, मजुरी वाढली आणि गाडी मात्र एक तृतीयांशाच्या खाली आली. हे कसं जमलं याचं उत्तर मघाच्या मॅग्नेटोतच आहे. आधी एक कामगार एकटा बसून पूर्ण मॅग्नेटो जोडी, त्याला सुमारे २० मिनिटं लागत. १९१३ च्या वसंतात हायलंड पार्कच्या कारखान्यात तेच काम २९ जणांत वाटून दिलं. एकाने एक चुंबक लावायचा, दुसऱ्याने दोन नट आवळायचे आणि वस्तू पुढे सरकवायची. माणशी वेळ १३ मिनिटांवर आला. मग ज्या पट्ट्यावरून वस्तू पुढे जाई त्याची उंची वाढवली, तो आपोआप सरकता केला. पुढे हा वेळ ५ मिनिटांपर्यंत उतरला. शिकागोच्या कत्तलखान्यांत आकड्यांना टांगलेली जनावरं एका कसायापुढून दुसऱ्या कसायापुढे सरकत आणि प्रत्येक जण आपला तुकडा कापून घेई. फोर्डच्या माणसांनी तीच साखळी उलटी चालवली: तिथे सुटं होत होतं, इथे जोडलं जाऊ लागलं. गाडीचा सांगाडा जोडायला आधी साडेबारा तास लागत, १९१४ मध्ये ते काम ९३ मिनिटांत होऊ लागलं.

पण ही साखळी एका अटीवर चालते. येणारी प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूसारखी हवी. एखाद्याला निळी गाडी हवी, दुसऱ्याला वेगळं इंजिन, असं सुरू झालं की साखळी अडखळते. १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळाली, त्यामागे हेच आहे. सुरुवातीला ती लाल, हिरवी, करडी, निळी अशी मिळत होती, शेवटच्या दोन वर्षांत रंग परतही आले. मधल्या काळात काळा रंग स्वस्त होता, टिकाऊ होता आणि एकच होता. यातलं ‘एकच’ सर्वांत महत्त्वाचं.

कामगारांना ही साखळी सोसवत नव्हती, हेही सांगायला हवं. दिवसभर तोच नट. १९१३ साली फोर्डकडे कामगार सोडून जाण्याचं प्रमाण ३७० टक्के होतं, म्हणजे एकेका जागेवर वर्षभरात सरासरी तीन-चार माणसं बदलली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने आठ तासांच्या कामाला ५ डॉलर रोज जाहीर केला, तो आधीच्या दुपटीहून जास्त होता. त्यातला मोठा भाग नफ्यातला वाटा म्हणून मिळे आणि तो मिळण्यासाठी कंपनीची माणसं घरी येऊन संसार नीटनेटका आहे का, माणूस पीत तर नाही ना, हे बघून जात. फोर्डच्या उदारपणाच्या गोष्टी सांगताना हा भाग बहुधा गळतो. ते काही असो, त्या रोजाने २६० डॉलरची गाडी ५२ दिवसांच्या मजुरीत बसत होती.

ही गाडी आपल्याकडेही आली. ब्रिटनचं साम्राज्य ही फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीची बाजारपेठ होती, त्यामुळे उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या फोर्ड गाड्या तिथून निघत. याच कॅनडाच्या कंपनीने १९२६ साली मुंबईत आपली भारतीय शाखा काढली.

काढली ती नेमकी मॉडेल टीची घटका भरत आल्यावर. अमेरिकेत ज्याला गाडी हवी होती त्याच्या दारात तोवर ती उभी होती. आता प्रश्न ‘गाडी आहे का’ हा उरला नव्हता, ‘कोणती आहे’ हा झाला होता. जनरल मोटर्स या स्पर्धक कंपनीचा प्रमुख आल्फ्रेड स्लोन याने हे ओळखलं. त्याने स्वस्त शेव्हरोलेपासून महागड्या कॅडिलॅकपर्यंत पायऱ्या लावल्या, रंग आणले, दरवर्षी रूप थोडं बदलायला सुरुवात केली. हप्त्याने गाडी देणारी कंपनी जनरल मोटर्सने १९१९ मध्येच काढली होती. हेन्री फोर्ड मात्र आपल्या काळ्या गाडीला चिकटून राहिला. २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली आणि तिचं उत्पादन थांबवल्याचं जाहीर झालं. पुढची गाडी तयारच नसल्याने कारखाने कित्येक महिने बंद राहिले. सगळी यंत्रं एकाच गाडीसाठी घडवलेली, त्यामुळे दुसरी गाडी करायची तर कारखानाच नव्याने मांडावा लागला. एकसारखेपणाने दिलेलं सगळं त्याने एका फटक्यात वसूल केलं.

मस्टँगची गोष्ट इथपासून वाचली की जास्त कळते.

१९५०च्या दशकाच्या शेवटी फोर्डने एड्सेल नावाची गाडी काढून सपाटून मार खाल्ला होता. नवी गाडी कोऱ्या कागदावरून करायला कंपनीत कोणाची छाती होत नव्हती. दुसऱ्या बाजूला महायुद्धानंतर जन्मलेल्या मुलांची पहिली फळी १९६४ मध्ये अठराव्या वर्षात पाऊल ठेवत होती. त्यांना वडिलांच्या लांबलचक चार दारांच्या गाड्या नको होत्या. फोर्ड विभागाचा तरुण प्रमुख ली आयकोका याला या मुलांसाठी स्वस्त, छोटी, रुबाबदार गाडी हवी होती आणि तीही थोडक्या खर्चात. मग त्याच्या माणसांनी घरातलंच उघडलं. १९६० पासून विकली जात असलेली फाल्कन ही फोर्डची साधी, काटकसरी, मास्तरीण वाटावी अशी गाडी. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, बैठक आणि खालचा बराच सांगाडा घेतला. इंजिनापासून पुढचा भाग लांब केला, मागची डिकी आखूड केली, छप्पर खाली आणलं, पुढे जाळीत धावता घोडा बसवला. जुन्या साडीला नवा काठ लावून ती लग्नात मिरवावी, तसं.

काटकसर किती बारीक होती याचा एक नमुना. मस्टँगच्या डिकीत सामान ज्या पत्र्यावर ठेवतात तो पत्रा म्हणजे पेट्रोलच्या टाकीचं वरचं झाकणच. वेगळा तळ बसवण्याचा खर्च वाचला. मागून जोराची धडक बसली तर टाकी आणि माणसं यांच्यामध्ये उरतं मागच्या सीटचं पुठ्ठ्यासारखं अस्तर. या रचनेवर पुढे बरीच टीका झाली आणि ती रास्त होती.

१७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात मस्टँग लोकांपुढे आली. किंमत २,३६८ डॉलर. त्या वर्षी अमेरिकेतल्या मधल्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ६,६०० डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे चार-सव्वाचार महिन्यांची कमाई. पहिल्याच दिवशी २२,००० मागण्या नोंदल्या गेल्या. पहिल्या वर्षात ४,१८,८१२ गाड्या विकल्या गेल्या आणि दोन वर्षं पुरी व्हायच्या आत दहा लाख.

तर २,३६८ डॉलरला काय मिळे? तीन गिअर, सहा सिलिंडरचं फाल्कनचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक. आणि एक लांबलचक यादी. आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन हवं? पैसे भरा. चार गिअर? ऑटोमॅटिक? पुढे डिस्क ब्रेक? एसी, रेडिओ, पॉवर स्टिअरिंग, व्हिनाइलचं छप्पर, स्टिअरिंगच्या दांड्यावर इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा आरपीएमचा काटा? प्रत्येकाचे वेगळे पैसे. हॉटेलात थाळी स्वस्त लिहायची आणि ताक, पापड, गोड सगळं वेगळं लावायचं, तसाच प्रकार. कॉलेजात जाणारी मुलगी, निवृत्त शिक्षक आणि शर्यतीचा नाद असलेला मेकॅनिक तिघंही एकाच दुकानातून मस्टँग घेत आणि तिघांच्या मस्टँग वेगळ्या निघत. पण तिघांच्याही पत्र्याखालचा सांगाडा एकच, आणि तो फाल्कनचा. मॉडेल टीत एकसारखेपणा उघडा होता, मस्टँगमध्ये तो झाकला गेला. कारखान्याची साखळी आता शेकडो जोडण्या सांभाळू शकत होती, कारण त्या सगळ्या ठरलेल्या भोकांत ठरलेल्या बोल्टनेच बसत.

मॉडेल टीच्या मालकांनीही हौस केलीच होती, ती मात्र घरी. तिच्यासाठी शॉक अ‍ॅब्सॉर्बरपासून फुलदाणीपर्यंत सुटे सामान विकणारे कितीतरी धंदे उभे राहिले. शेतकरी मागचं चाक उचलून त्याला पट्टा लावत आणि लाकडं कापत. फोर्डला या हौसेतून फारसं काही मिळालं नाही. आयकोकाच्या यादीने तीच हौस शोरूममध्ये आणून बिलात टाकली.

आता ताकद. इथे एक सुरेख योगायोग आहे. मॉडेल टीचं इंजिन १७७ घन इंचांचं, सुमारे २.९ लिटर. पहिल्या साध्या मस्टँगचं १७० घन इंच, सुमारे २.८ लिटर. म्हणजे नवीचं किंचित लहानच. तरी मॉडेल टीची ताकद २० अश्वशक्ती आणि मस्टँगची १०१. जवळजवळ तेवढंच भांडं, पाचपट काम. फरक आला कुठून?

अश्वशक्ती म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार: इंजिन किती जोराने फिरवतं आणि मिनिटाला किती वेळा फिरतं. मॉडेल टी आपली पूर्ण ताकद मिनिटाला १,६०० फेऱ्यांवर देई, मस्टँग ४,४०० वर. इथेच पावणेतीन पट झाली. उरलेली जवळपास दुप्पट पिस्टनवरच्या धक्क्यातून आली. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटवण्याआधी जितकं घट्ट दाबाल तितका धक्का जोरकस. मॉडेल टी ते साधारण चौथ्या हिश्शापर्यंत दाबी, मस्टँग साडेआठाव्या हिश्शाच्याही खाली. मग फोर्डने १९०८ मध्येच जास्त का दाबलं नाही? त्या वेळच्या पेट्रोलला ते सोसलं नसतं. हलक्या प्रतीचं पेट्रोल जास्त दाबलं की ठिणगी पडल्यावर त्याचा काही भाग आपला आपणच भडकतो आणि इंजिनातून हातोडा मारल्यासारखा ठोका येतो. १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळू लागले, त्याने हा ठोका दबला आणि इंजिनं घट्ट दाबणारी होऊ शकली. मस्टँगची ताकद त्या शिशावर उभी होती. तेच शिसं धुरातून माणसांच्या रक्तात उतरत होतं, हे सगळ्यांना पटून ते पेट्रोलमधून जाईपर्यंत कित्येक दशकं गेली. मॉडेल टी मात्र रॉकेल मिसळलेल्या भिकार पेट्रोलवरही कुरकुरत का होईना चालायची. अशा वेळी तिचा मंदपणा मला गुणच वाटतो.

ब्रेकच्या बाबतीत दोघींनाही फार मार्क देता येत नाहीत. मॉडेल टीचं ब्रेकचं पेडल गिअरबॉक्समधला पट्टा आवळतं, पुढच्या चाकांना ब्रेकच नाही. मस्टँगला चारही चाकांना ब्रेक तेलाच्या दाबावर, पण सुरुवातीच्या गाड्यांत त्या तेलाचा एकच मार्ग. एका चाकाशी गळती झाली की चारही गेले. धक्के झेलणारे स्प्रिंगचे पाटे मात्र दोघींत आहेत. मॉडेल टीला पुढे एक आणि मागे एक आडवा पाटा, मस्टँगला मागे दोन उभे. बैलगाडीच्या काळातला पाटा सगळ्या बदलांना पुरून उरला.

स्टिअरिंगच्या बाबतीत तर नवी जुनीच्या मागे पडली. मस्टँग कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची मिळू लागली ती २०१५ च्या पिढीपासून, आणि भारतात ती अधिकृतपणे विकायला आली २०१६ मध्ये. कॅनडातून उजव्या हाताची मॉडेल टी जहाजात चढत होती, त्याला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षं होत आली होती.

डेट्रॉईटजवळच्या डिअरबॉर्नमध्ये हेन्री फोर्डच्या नावाचं संग्रहालय आहे. दीड कोटीवी मॉडेल टी तिथे ठेवलेली आहे आणि क्रमांक १ ची मस्टँगही. ही मस्टँग खरं तर विकायची नव्हती. दाखवायला म्हणून ती कॅनडातल्या न्यूफाउंडलँडला पाठवली होती, तिथे विक्रेत्याने ती एका वैमानिकाला विकून टाकली. फोर्डने परत मागितली तर तो द्यायला तयार नव्हता, मस्त फिरवत होता. दोन वर्षांनी दहा लाखांचा टप्पा गाठल्यावर सौदा जमला. कंपनीने जुनी गाडी घेतली, आणि बदल्यात त्याला नवी मस्टँग दिली, त्याच यादीतून हव्या त्या जोडण्या लावून.